पाणी शिंपडण्याआधी

बावांग, ला उनियोन
२९ डिसेंबर

प्रिय मेनांग, माझी धाकटी आदिंग,

नाताळच्या शुभेच्छा, उशिरा का होईना. आम्ही सगळे ठीक आहोत. माझ्या गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, पण ते तू आजवर इतक्यांदा ऐकलं आहेस की आता त्यात नवीन काही नाही. दुकान बरं चाललंय. सणात माणसं स्वतः डुक्कर भाजून पोटभर खातात आणि मग चार दिवसांनी घरच्या कोंबड्या-कुत्र्यांची आठवण होऊन माझ्याकडे खाद्य न्यायला धावतात. मागच्या खोलीतले माझे साप मजेत आहेत. त्यांना ना सण ना सुतक.

तुझ्या लेकीचा, रोविलिनचा फोन आला होता. रागावू नकोस तिच्यावर. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पोरीनं मामाशी बोलू नये असं थोडंच आहे? कॉलेजातल्या मैत्रिणीकडून तिनं छोटा आफ्रिकन अजगर आणला, गोळा होऊन बसतो तो, हे कळलं. नाव टुपिग ठेवलं म्हणे. केळीच्या पानात भाजलेल्या तांदळाच्या टुपिगसारखाच दिसतो, तपकिरी आणि मधूनमधून करपलेला. मी दुकानात एकटाच हसत बसलो.

पण पुढचं ऐकून हसू गेलं. ती तीन तारखेला बागियोला कॉलेजात परत जाणार, आणि साप तुझ्याकडे राहणार. आणि तू त्या डब्याजवळही जात नाहीस. ती म्हणाली, "मामा, आई म्हणते, तुझ्या बाबांचा साप माझ्या हातून मेला, आता हा दुसरा नको." खोलीत ठेव म्हटलं तर तू दार लावून घेतेस असंही म्हणाली.

मेनांग, असं करू नकोस. जानेवारी तोंडावर आलाय. तुमच्या आतोकमध्ये कोबीवर हिम पडायला लागलं की त्या खोलीत दहा अंशही राहत नाहीत, हे मी तुला काय सांगणार. इथं आमच्या साप-मंडळाचा नियम सोपा आहे. मालकाला शर्ट छातीपर्यंत गुंडाळून, पोट उघडं टाकून बसवतं ना, मग सापालाही बरं. आम्ही सगळे तसेच बसतो, तुला माहीतच आहे. पण तुझ्याकडे हा नियम लावला तर पोट आणि साप दोन्ही गारठतील.

म्हणून दोमेंगच्या भाजीच्या ट्रकबरोबर खोकं पाठवतोय. त्यात उष्णतेची चटई आहे, तिला जोडायचा थर्मोस्टॅट आहे आणि दोन तापमापक आहेत. डबा जमिनीवर ठेवू नकोस, फळीवर ठेव, आणि चटई अर्ध्याच भागाखाली सरकव. त्या गरम बाजूला बत्तीस अंश हवेत, दुसऱ्या बाजूला सव्वीस. दोन्हीकडे लपायला जागा दे, म्हणजे त्याला हवं तिथं तो जाईल. रात्रीसुद्धा चोविसाच्या खाली जाऊ देऊ नकोस. थर्मोस्टॅटची बारीक तार काचेला चिकटवायची नाही, खाली तळावर, साप जिथं पोट टेकतो तिथं लावायची. काच गार असते, ती खोटं सांगते, आणि मग चटई तापतच राहते. तीन बाजूंनी जुनं घोंगडं गुंडाळ, पण हवेची भोकं झाकू नकोस. वीज गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून आत ठेव. आणि डबा गार असेल त्या दिवशी उंदीर देऊ नकोस. गारठ्यात त्याला पचत नाही, पोटातच सडतो.

कात टाकायच्या वेळी हवा ओलसर लागते. तेव्हा एका कोपऱ्यात थोडं कोमट पाणी शिंपड. शिंपडताना उष्णता चालू राहिली तरी हरकत नाही.

आणि एक. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. फक्त दिवसातून चार वेळा आकडे टिपून ठेव आणि दोमेंग येईल तेव्हा तो कागद त्याच्या हाती दे. दोमेंगला सापाची भीती वाटते. मला म्हणाला, "मनोंग, कागद कितीही नेतो. पण त्या कागदाला शेपूट असेल तर मी बागियोलाच उतरणार." त्याला दाराबाहेरच कॉफी दे.

तुझा नवरा, फाउस्तो असता तर हे सगळं सांगावं लागलं नसतं. पगाराच्या पैशांतून त्याचा तो साप, रेयना, घेऊन आला होता तेव्हा तुझ्या सासूबाई तीन दिवस घरात पाऊल टाकत नव्हत्या, आठवतं? नंतर त्याच तिला मांडीवर घेऊन बसायला लागल्या.

त्याला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी जे बोलणं झालं ते मनात धरू नकोस. चार माणसांत माणूस काहीतरी बोलून जातो. त्या बोलण्याला दोन वर्षं झाली.

तब्येतीला जप.

तुझा मनोंग, थोरला भाऊ,
लिओन्सियो


बावांग
११ जानेवारी

प्रिय आदिंग,

तुझा कागद मिळाला. दोमेंगनं दुकानात येऊन दिला आणि म्हणाला, "पाच मिनिटं उभा होतो, तुमची बहीण एक शब्द बोलली नाही, पण कॉफी झकास होती." तू खोलीचं दार उघडलंस, डब्याशी गेलीस, आकडे लिहिलेस, याचा मला किती आनंद झाला हे सांगत नाही.

कागद मी दुकानातच, लोकांसमोर वाचला. सकाळी सातला एकतीस. दहाला सतरा. बाराला बावीस. संध्याकाळी एकतीस. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. रोज दहा वाजता सतरा, एकदा तर पंधरा. मला आधी वाटलं वीज जाते. मग कागद उलटा केला.

मागे तू लिहिलंयस, "कात टाकायला आलाय. पाणी शिंपडण्याआधी चटई बंद करून पूर्ण एक तास थांबते, मग शिंपडते, मग आणखी एक तासानं चालू करते. मागच्या वेळी, रेयनाला, कोबीवरचं हिम धुवायला पळायचं होतं म्हणून अर्ध्या तासातच शिंपडलं होतं. या वेळी ती चूक करायची नाही."

मेनांग, चटई बंद करू नकोस. एक तास नाही, अर्धा तास नाही, एक मिनिट नाही. गरम राहूनच ओलं व्हायला हवं त्यानं. गार आणि ओलं दोन्ही एकदम झालं की त्याच्या छातीत सर्दी भरते. मागच्या पत्रात मी "चालू राहिली तरी हरकत नाही" असं गुळमुळीत लिहिलं. तसं लिहायला नको होतं. बंद करायचीच नाही, असं लिहायला हवं होतं.

ही आपली जुनी समजूत आहे गं. आपली आईच नाही का, इस्त्री केल्यावर आपल्याला पाण्याला हात लावू द्यायची नाही? दिवसभर शेतात तापून आलेल्या बाबांना ती पाय धुवू द्यायची नाही. तापलेल्या अंगाला पाणी लागलं की पास्मा होतो, हात कापायला लागतात, शिरा वर येतात. ते ऐकत मोठे झालो, ते हाडांत मुरलं. मीच काय, मंडळातले निम्मे लोक अजून तसंच करतात. माणसाचं जे काय असेल ते असो, सापाला पास्मा होत नाही. आता नवीन माहिती आली आहे. तेव्हा आपल्या सगळ्यांचीच चूक झाली, असं समज आणि सोडून दे.

मी काल रोविलिनलाही फोन केला, आईला समजाव म्हटलं. तिनं तुला लगेच फोन केला. परत मला करून म्हणाली, "मामा, आई म्हणते, मनोंगनं सांगितलेलं मला पाठ आहे, आता मध्येच बदलू नका." मेनांग, मीच बदलतोय. माझंच ऐक.

दोमेंग आज दुपारी निघतोय म्हणून घाईत लिहितो. अक्षर वाईट आलंय. पुढचे आकडे लवकर पाठव, आणि त्यात दहा वाजताचा आकडा तिसाच्या वर दिसू दे.

मनोंग


आतोक, तुझ्या घराखालचा रस्ता
१७ जानेवारी, सकाळ

मेनांग,

हे पत्र दोमेंगनं आणून दिलं असेल. मी खाली ट्रकमध्ये बसलोय. पहाटे त्याच्याबरोबर निघालो. ट्रक थांबल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मनोंग, चाळीस पायऱ्या आहेत. एवढ्यासाठी पत्र?" मी म्हटलं, "लिहू दे मला, तू सिगरेट ओढ." तोंडानं सांगायला लागलो की मी वेळ मारून नेतो. मागच्या दोन पत्रांतही तेच केलं. तरी कागदावरच लिहितोय, पण या वेळी आडवळणानं नाही.

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. "मनोंग, मला बरं वाटावं म्हणून लिहितोस. आईच्या नावावर ढकलू नकोस. चूक माझीच होती, हे तूच सगळ्यांसमोर म्हणालास. टुपिग कालपासून शीळ घातल्यासारखा श्वास घेतोय, तोंडाशी फेस येतो. आता दीड तास थांबू का?"

दीड तास थांबू का. ते वाचून मी दुकान बंद केलं. भर बाजाराच्या दिवशी. बायकोनं विचारलं काय झालं, तिलाही पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इथं माझ्यासमोर काय रडताय? वर जा." म्हणून आलो.

आता नीट ऐक. दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, तू मला दुकानात फोन केला होतास. रेयनाची कात सुटत नव्हती, पाणी शिंपडू का, विचारत होतीस. दुकानात मंडळाचे चार जण पोट उघडं टाकून बसले होते आणि माझं बोलणं ऐकत होते. मला शेखी मिरवायची होती. मी मोठ्यानं म्हणालो, "अगं वेडे, तापलेल्या अंगावर पाणी? पास्मा होईल तिला! आधी चटई बंद कर, तासभर निवू दे, मग शिंपड, मग आणखी तासानं चालू कर." तू म्हणालीस, "मनोंग, इथं तासाभरात डब्याचा बर्फ होतो." आणि मी काय म्हणालो ते तुलाही आठवत असेल. मी म्हणालो, "वीस साप मी पाळलेत की तू?" ते चौघं हसले. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास.

तुला कळलं होतं, मेनांग. त्या फोनवर तूच बरोबर होतीस. तो डबा तुझ्या घरात होता, गारठा तुझ्या अंगाला लागत होता, आणि मी इथं घाम पुसत तुला शिकवत होतो.

आठ दिवसांनी तू पुन्हा फोन केलास, ती तोंड उघडं टाकून श्वास घेते म्हणालीस. मी म्हणालो, "सर्दी आहे, जाईल." ती गेली.

याच्यापुढचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रेयना मेल्यावर मी सान फेर्नांदोला, माझ्या सापांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, फक्त ते कुणी करायला लावलं ते नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "गार आणि ओलं एकत्र, रोज दोन तास. कुणाचं डोकं हे? हे ज्यानं सांगितलं त्यानं मारलं तिला." मी म्हणालो, "डोंगरातली माणसं, कुणाचं तरी ऐकतात." पैसे दिले आणि घरी आलो. ही गोष्ट फाउस्तोच्या वर्षाच्या प्रार्थनेआधी दहा दिवसांची.

म्हणजे तुझ्या सासरच्या अंगणात, तुम्ही काळे कपडे उतरवलेत त्या दिवशी, तुझ्या सासूबाईंनी मला विचारलं, "लिओन्सियो, तुला सापांतलं कळतं, ती कशी गेली रे?" तेव्हा मला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तू कपांचा ट्रे घेऊन माझ्या मागेच उभी होतीस. आणि मी म्हणालो, "निष्काळजीपणा, दुसरं काय. गरमी बंद ठेवली होती. फाउस्तोची एवढी एकच गोष्ट होती, तीही सांभाळता आली नाही." माहीत असताना म्हणालो. ते चार माणसांत बोलून जाणं नव्हतं. स्वतःचं नाव राखायला मी ते तुझ्या अंगावर टाकलं.

मला वाटलं होतं तू उलटून म्हणशील, तूच तर सांगितलं होतंस. त्या क्षणाला मी घाबरलो होतो. तू काही बोलली नाहीस. मी दोन वर्षं समजत होतो की तू माझी लाज राखलीस. तुझा तो अर्ध्या तासाचा कागद येईपर्यंत मला कळलंच नाही की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मी म्हणालो निष्काळजीपणा, आणि तू घरी जाऊन स्वतःचा निष्काळजीपणा शोधत बसलीस. तुला तो अर्धा तास सापडला. तू दोन वर्षं त्या अर्ध्या तासात राहिलीस. मेनांग, तू पूर्ण तास थांबली असतीस तर ती आणखी लवकर मेली असती.

काल रात्री फाउस्तोच्या भावाला, आलिपियोला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही तिला दोन वर्षं काय काय ऐकवलं, मनोंग." आणि फोन ठेवला. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी तुझ्या सासरच्या अंगणात जाणार आहे. सासूबाईंना, आलिपियोला, आणि त्या दिवशी जे जे होते आणि येतील, त्यांना पुन्हा सांगणार आहे. तू तिथं असावंस असा हट्ट नाही. तू असलीस तरी आणि नसलीस तरी मी सांगणार.

मंडळालाही लिहिलंय. त्यातल्या दोघांनी माझ्याकडून हीच गोष्ट शिकून आपापल्या गावात लोकांना सांगितली होती. त्यांना फोन केले. एक जण भांडला, "मग इतकी वर्षं काय झोपला होतास?" मी म्हटलं, नाही, जागा होतो.

माफ कर असं लिहिणार नाही. माफी मागायला मी पायऱ्या चढून, तुझ्यासमोर उभा राहून यायला हवं, आणि तू हाक मारल्याशिवाय मी चढणार नाही. नाही मारलीस तरी तुझं काही चुकलं नाही.

आता टुपिगचं. रोविलिननं ला त्रिनिदादमध्ये प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, दुपारी दोनला ये म्हणालेत. माझ्याकडे ट्रकमध्ये बाटल्यांत गरम पाणी आहे आणि जाड टॉवेल आहेत. दोमेंग डबा पुढे, स्वतःच्या सीटशेजारी ठेवायला तयार झालाय. ओठ पांढरे पडलेत त्याचे, पण तयार झालाय. डबा तुला त्याच्या हाती द्यायचा असेल तर दे, स्वतः घेऊन यायचं असेल तर मी मागे भाजीच्या पाट्यांवर बसेन.

पण ते सगळं नंतर. घड्याळात आता साडेनऊ झालेत, म्हणजे तू तुझ्या हिशेबानं चटई बंद करून थांबली असशील. पाण्याला हात लावू नकोस. हा कागद खाली ठेव, खोलीत जा आणि चटई चालू कर.

रेयना तुझ्या हातून गेली नाही. जो सांगायला चुकला, कळल्यावर गप्प बसला आणि मग ज्यानं तुझं नाव घेतलं,

तो लिओन्सियो